उसन्या एंजिनाच्या मोटारी

पुण्याहून लोणावळ्यास जाणारी लोकलगाडी देहूरोड आणि बेगडेवाडी हीं स्थानकें मागें टाकून घोरावाडीस क्षणभर उभी राहते आणि लगेच तळेगांवची वाट धरते. स्थानक लहान, उतारूहि बेताचेच. जवळच घोरवडेश्वराचा डोंगर, त्याच्या कातळांत कोरलेलीं प्राचीन बौद्ध लेणीं, आणि डोंगराच्या पायथ्याशीं मुंबई-पुण्याचा जुना रस्ता. रविवारीं सकाळीं या बाजूस आलें तर लोणावळ्याच्या रोखानें सुटलेल्या बसक्या, भडक रंगाच्या, मोठा आवाज करणाऱ्या मोटारी दृष्टीस पडतात. त्यांतील बहुतेक इटलींत, जर्मनींत नाहीं तर इंग्लंडांत जन्मलेल्या.

श्रोतेहो, मला नवल वाटतें तें त्यांच्या वेगाचें नव्हे. आमच्या मावळांत आणि त्याच्या शेजारीं मोटारीच मोटारी बनतात. पिंपरी आणि चाकण यांची गोष्ट आपणांस ठाऊकच आहे. तळेगांवीं २००८ सालीं जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीनें मोठा कारखाना उघडला, २०२० च्या अखेरीस तेथील उत्पादन थांबविलें, आणि २०२३ सालीं ह्युंदाई या कोरियन कंपनीनें तो विकत घेण्याचा करार केला. उघडणें, थांबविणें, विकणें हे तिन्ही निर्णय सातासमुद्रांपलीकडे झाले. चिंता मात्र तळेगांव-वडगांवच्या घरांत शिरली. मोठा कारखाना गांवांत येतो, पण तो गांवाचा होतोच असें नाहीं. लहान कारखाना गांवाचा होऊं शकतो. म्हणून मी आज एक लहानसा प्रश्न आपणांपुढें मांडणार आहें. इतके कसबी हात आणि इतकीं यंत्रें असतां वेगवान मोटारींचा एखादा छोटा, स्वतंत्र कारखाना महाराष्ट्रांत कां मूळ धरीत नाहीं? प्रयत्न झालेच नाहींत, असें मुळींच नव्हे. परंतु त्यांच्याकडे वळण्यापूर्वीं ज्या छोट्या कारखान्यास हें साधलें त्याचा वृत्तांत ऐकावा लागेल, आणि त्यासाठीं फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर जावें लागेल.

नॉर्मंडी प्रांतांत दिएप नांवाचें जुनें बंदर आहे. मासेमारी हा त्याचा पिढीजात धंदा. १९४२ च्या ऑगस्टांत दोस्त सैन्यानें या बंदरावर केलेला हल्ला फसला आणि कॅनडाचे शेंकडों तरुण त्याच्या वाळूंत कामास आले. युद्ध संपल्यावर या गांवांत झां रेदेले हा जेमतेम चोविशींतला तरुण रेनो मोटारींचा विक्रेता झाला. त्याचा जन्म १९२२ चा. वडिलांचा धंदाहि मोटारींचाच. स्वतः तो व्यापारशास्त्र शिकून आलेला होता, आणि ही गोष्ट मी मुद्दाम सांगतों, कारण वेगवान मोटारींचे कारखाने बुडतात ते बहुधा यंत्रशास्त्र न समजल्यामुळें नव्हे. हिशेब न समजल्यामुळें.

त्या वेळीं रेनोची '४ सी.व्ही.' ही सामान्य गृहस्थाची मोटार होती. एंजिन मागच्या बाजूस, आकार साडेसातशें घनसेंटिमीटरांच्या आसपास, शक्ति वीस-एकवीस घोड्यांची. आज आपल्या रस्त्यांवर याहून मोठ्या एंजिनाच्या मोटारसायकली धांवतात. असल्या गाडीनें शर्यतींत उतरावें हा विचारच कोणास हास्यास्पद वाटला असता. रेदेलेनें गाडीचा दोष कोठें आहे तें नेमकें हेरलें. मूळ गाडीस गिअर तीनच. बोरघाट चढतांना ज्यांनीं कधीं लहान मोटार हांकली असेल त्यांस याचा अर्थ चटकन् समजेल. एक गिअर टाकावा तर एंजिन किंचाळतें, दुसरा टाकावा तर तें धापा टाकूं लागतें. हवा असलेला गिअर त्या दोहोंच्या मध्यें कोठेंतरी असतो आणि तो गाडींत नसतोच. क्लोद नांवाच्या एका यंत्रज्ञानें पांच गिअरांची पेटी तयार केली होती. ती रेदेलेनें आपल्या गाडीस बसविली. एंजिनाची शक्ति फारशी न वाढवितां आहे ती शक्ति वायां जाऊं द्यावयाची नाहीं, हा त्यांतील विचार. इटलींत 'मिल्ले मिलिया' नांवाची सुमारें सोळाशें किलोमीटरांची शर्यत भररस्त्यावर होत असे. तिच्यांत लहान मोटारींच्या वर्गांत रेदेलेनें १९५२, १९५३ आणि १९५४ अशीं लागोपाठ तीन वर्षें पहिला क्रमांक पटकावला. १९५४ सालींच आल्प्स पर्वतांतील घाटांच्या स्पर्धेंत त्यास यश आलें. त्या घाटांतून मोटार हांकण्याचा आनंद त्याच्या मनांत इतका ठसला कीं, १९५५ सालीं स्वतःची कंपनी काढतांना त्यानें तिला 'आल्पीन' हें नांव दिलें. समुद्रकांठच्या गांवांतला कारखाना, आणि नांव डोंगराचें!

आतां हिशेबाकडे वळूं. रेदेलेचे सासरे शार्ल एस्कोफिए हे पॅरिसमधील रेनोचे मोठे विक्रेते होते. जांवयाच्या नादास त्यांनीं व्यापाराचें वळण दिलें. पहिल्या तीन आल्पीन मोटारी रेनोच्या कारखान्याच्या अंगणांत नेऊन उभ्या करण्यांत आल्या: एक निळी, एक पांढरी, एक तांबडी. फ्रान्सच्या राष्ट्रध्वजाचे हे तीन रंग पाहून रेनोचे अधिकारी, ज्यांची कंपनी तेव्हां सरकारी मालकीची होती, काय समजावयाचें तें समजले. आमची गाडी तुमच्याच गाडीच्या पोटांतून निघाली आहे. तिचें नांव झालें तर तुमचेंच होईल. रेनोनें एंजिनें आणि इतर भाग पुरविण्यास मान्यता दिली, आणि पुढें रेनोच्या विक्रेत्यांच्या दुकानांतच आल्पीन मोटारी विकल्या जाऊं लागल्या.

या शेवटच्या वाक्यावर क्षणभर थांबलें पाहिजे. मोटारीचें एंजिन घडविणें ही छोट्या कारखान्याच्या आवांक्याबाहेरची गोष्ट आहे. ओतकाम, घडाई, चाचण्या यांस लागणारें भांडवल लाखों गाड्यांवर वांटलें तरच परवडतें. म्हणून छोटा कारखानदार एंजिन उसनें आणतो. यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. जगांतील बहुतेक छोट्या कारखान्यांनीं हेंच केलें. पण उसन्याचेहि प्रकार असतात. शेजारणीनें वाटीभर साखर दिली आणि दार लावून घेतलें हा एक प्रकार. दिली, आणि 'पुन्हां लागली तर या' असें म्हटलें हा दुसरा. रेदेलेस मिळालें तें दुसऱ्या प्रकारचें उसनें. त्याची मोटार दक्षिण फ्रान्समधील एखाद्या खेड्यांत बंद पडली तरी जवळच्या रेनोच्या दुरुस्तीखान्यांत तिचें एंजिन ओळखणारा माणूस आणि तिचा सुटा भाग हीं दोन्हीं मिळण्याची आशा असे.

एंजिन उसनें, मग कारखान्याचें स्वतःचें असें काय? तर सांगाडा आणि कवच. पत्र्याचें कवच करावयाचें तर प्रचंड दाबयंत्रें आणि पोलादी साचे लागतात. तो खर्चहि लहानास झेपत नाहीं. रेदेलेनें शाप नांवाच्या बंधूंकडून काचतंतूंचीं कवचें करून घेतलीं. हें काम कसें चालतें तें थोडक्यांत सांगतों. प्रथम लाकूड-प्लास्टर यांचा हवा त्या आकाराचा नमुना करतात. त्यावरून उलटा साचा काढतात. साच्याच्या आंतल्या बाजूस मेण चोळतात, म्हणजे माल चिकटत नाहीं. मग त्यावर रंगीत लेप, त्यावर काचेच्या बारीक धाग्यांची चटई, तिच्यावर राळेसारखा चिकट द्रव, पुन्हां चटई, पुन्हां द्रव, असे थर हातानें चढवितात. द्रव सुकून टणक झाला कीं साच्यांतून मोटारीचें अख्खें अंग बाहेर येतें: हलकें, न गंजणारें, आणि हातानें करतां येण्याजोगें. अशा कारखान्यास यंत्रांपेक्षां मनगटें अधिक लागतात.

काचेचें काम म्हटल्यावर तळेगांवकराच्या मनांत एक जुनी आठवण जागी होणारच. एकेक पैसा वर्गणी गोळा करून अंताजी दामोदर काळे यांनीं चालविलेल्या पैसा फंडांतून, लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्यानें, १९०८ सालीं तळेगांवीं काचेचा कारखाना निघाला. परदेशीं जाऊन काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे त्याचे तज्ज्ञ. बाटल्या-चिमण्यांची ती काच आणि मोटारीच्या कवचांतील काचतंतु यांत अंतर पुष्कळ आहे, हें मी जाणतों. तरीहि भांडवल थोडें आणि कसब फार, या हिशेबावर उभा राहिलेला कारखाना आमच्या गांवीं शंभर वर्षांपूर्वीं होऊन गेला आहे.

आल्पीनची खरी कीर्ति झाली ती 'ए-११०' या मोटारीनें. १९६२ च्या पॅरिसच्या प्रदर्शनांत ती प्रथम लोकांपुढें आली. मोटारीच्या मध्यभागीं कण्यासारखी एक जाड पोलादी नळी. पुढें चाकें, मागें चाकें आणि एंजिन त्या कण्यास जखडलेलें. वर काचतंतूंचें अंग. पहिल्या गाड्यांचें वजन सहाशें-सातशें किलोंच्या घरांत. उंची इतकी कमी कीं उभ्या माणसाच्या कमरेच्या थोडें वर तिचें छप्पर यावें. एंजिन मागच्या चाकांच्याहि मागें असल्यामुळें गाडीचा भार त्या चाकांवर पडे. बर्फाच्या निसरड्या चढावर हीं चाकें भुईस घट्ट धरून राहत. उलट वळणावर गाडीचें शेपूट बाहेर फेंकलें जाई; तिला वळवितां वळवितां सांवरणें हें चालकाचें कौशल्य. दोष कोणता आणि गुण कोणता, हें रस्ता ठरवितो. सरळ सपाट रस्त्यावर जी मोटार सामान्य ठरली असती ती घाटांत राणी ठरली.

मॉन्टे कार्लोची स्पर्धा हिंवाळ्यांत आल्प्सच्या बर्फाळ घाटांतून होते. १९७१ सालीं ओव्हे अँडरसन या स्वीडिश चालकानें ती आल्पीनमधून जिंकली. १९७३ सालीं जागतिक रॅली स्पर्धामालिका प्रथमच भरविण्यांत आली. त्या वर्षीं मॉन्टे कार्लोस झां-क्लोद आंद्र्यूए आणि 'बीश' या नांवानें प्रसिद्ध असलेल्या त्यांच्या सहचालिका मिशेल पेती यांनीं पहिला क्रमांक घेतला. दुसरा आणि तिसरा क्रमांकहि आल्पीनचाच. वर्षभरांतील तेरा स्पर्धांपैकीं सहा जिंकून आल्पीन त्या मालिकेची पहिली जगज्जेती ठरली. फियाट, फोर्ड असलीं धनाढ्य घराणीं मैदानांत असतां मासेमारीच्या बंदरांतील एका कारखान्यानें हें करून दाखविलें. या विजयाचें मोल केवळ मानाचें नव्हतें. जी मोटार तुम्हीं विकत घेणार तिच्यासारखीच मोटार बर्फांत, चिखलांत, रात्रीं, आठवडाभर धांवून शाबूत परत आली, हा पुरावा होता. जाहिरातीवर खर्च करावयास पैसा नसलेल्या कारखान्यास असा पुरावा हीच जाहिरात.

उसनें एंजिन मिळालें म्हणजे सर्व साधतें असें मात्र नाहीं. त्याच काळांत रेने बोने हे दुसरे फ्रेंच कारखानदार रेनोचींच एंजिनें घेऊन 'जेट' नांवाची मोटार काढीत होते. एंजिन चालकाच्या पाठीमागें, मधोमध; त्या काळीं ही मोठी पुढची उडी होती. परंतु १९६४ सालीं बोने यांचा कारखाना आर्थिक अडचणींत सांपडला आणि क्षेपणास्त्रें बनविणाऱ्या मात्रा कंपनीनें तो घेतला. पुढें अंतराळवीर युरी गागारिन यांस एक जेट भेट म्हणून मिळाली, एवढें तिचें भाग्य.

रेदेलेच्या घरींहि सुख फार दिवस टिकलें नाहीं. जगज्जेतेपदाच्या वर्षींच, १९७३ च्या उत्तरार्धांत, अरब राष्ट्रांनीं तेलाची कोंडी केली. पेट्रोल महागलें, वेगावर मर्यादा आल्या, मौजेच्या मोटारींचीं गिऱ्हाइकें पांगलीं. ज्या रेनोच्या आधारावर आल्पीन वाढली तिनेंच त्या वर्षीं बहुसंख्य भाग विकत घेऊन कारखाना आपल्या हातीं घेतला. १९७८ सालीं ल मां येथील चोवीस तासांची शर्यत रेनो-आल्पीननें जिंकली, आणि त्याच वर्षीं रेदेले आपला उरलेला संबंध तोडून बाहेर पडले. यानंतरच्या मोटारी जड आणि महाग होत गेल्या. शेवटची 'ए-६१०' १९९५ सालीं बंद झाली. पांच वर्षांत तिच्या आठशेंच्या आसपास गाड्या निघाल्या होत्या.

मोठ्याच्या आश्रयास जाणें म्हणजे बुडणें, असें कोणी यावरून म्हणेल. मला तें पटत नाहीं. नांव गेलें, पण दिएपचा कारखाना बंद पडला नाहीं. रेनोनें आपल्या थोड्या संख्येच्या वेगवान मोटारी तेथेंच बांधविल्या. कारागीर राहिले, त्यांचें कसब पुढच्या पिढीस मिळालें. म्हणूनच २०१२ सालीं आल्पीनचें पुनरुज्जीवन करण्याचें ठरलें तेव्हां कारखाना शोधावा लागला नाहीं. २०१७ सालीं नवी ए-११० बाहेर पडली, आणि पुढें त्या कारखान्यास झां रेदेले यांचें नांव देण्यांत आलें. हें पाहावयास ते नव्हते. २००७ सालीं ते वारले होते.

आतां घरीं येऊं. आपल्याकडे स्वतःची मोटार करण्याची जिद्द नवी नाहीं. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनीं कित्येक वर्षें झटून 'मीरा' नांवाची छोटी मोटार तयार केली. ती शर्यतीची नव्हती, गरिबाची होती, आणि ती कारखान्यापर्यंत पोंचली नाहीं. वेगवान जातीच्या मोटारींचे प्रयत्न अलीकडचे. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बेंगळूरच्या सॅन मोटर्सनें 'स्टॉर्म' नांवाची दोघांची उघडी मोटार काढली. रेखन फ्रान्समध्यें झालेलें, अंग काचतंतूंचें, एंजिन रेनोचें ११४९ घनसेंटिमीटरांचें. रेदेलेची पाककृति जशीच्या तशी! फरक एवढाच कीं, त्या वेळीं रेनो कंपनी भारतांत मोटारी विकतच नव्हती. तिचें लोगन हें वाहन महिंद्रांच्या भागीदारींत आपल्या रस्त्यांवर आलें तें २००७ सालीं. म्हणजे साखर मिळाली, पण शेजारचें घर रिकामें.

यानंतर आपल्या अलिबागजवळ, कार्लेखिंडीस, चिंकारा मोटर्सनें 'रोडस्टर' बांधावयास घेतली. कॉलिन चॅपमन यांनीं इंग्लंडांत १९५७ सालीं काढलेल्या 'लोटस सेव्हन' मोटारीच्या धर्तीची ही गाडी. दारें नाहींत म्हटलीं तरी चालेल, पुढचीं चाकें अंगाबाहेर, आणि बसल्यावर हात खालीं सोडला तर रस्त्यास लागावा अशी बैठक. तिच्यासाठीं एंजिन निवडलें तें इसुझूचें १८०० घनसेंटिमीटरांचें, जें आपल्या ॲम्बेसडर मोटारींत येई. मला ही निवड तिघांतही शहाणपणाची वाटते. ॲम्बेसडर दुरुस्त करणारा मिस्त्री पनवेलपासून पाटण्यापर्यंत कोठेंहि सांपडे. फिल्टर, पट्टा, प्लग जवळच्या दुकानांत मिळत. जी मोटार सरकारी साहेब आणि टॅक्सीवाला यांच्या घरची, तिचेंच हृदय या चपळ हरिणीच्या अंगांत! परंतु तें घराणेंच उतरणीस लागलें होतें. हिंदुस्तान मोटर्सनें २०१४ सालीं ॲम्बेसडर बनविणें थांबविलें, आणि झाडच वाळलें तेव्हां बांडगुळास ओलावा कोठून मिळणार?

तिसरा प्रयत्न पुण्याचा, आणि सर्वांत गाजलेला. मोटारींचीं रूपें बदलून देण्यांत नांव मिळविलेल्या दिलीप छाब्रिया यांच्या डी. सी. संस्थेनें २०१२ च्या दिल्लींतील मोटारप्रदर्शनांत 'अवंति' मांडली आणि २०१५ च्या सुमारास ती पुण्याजवळच्या कारखान्यांतून गिऱ्हाइकांच्या हातीं पडूं लागली. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर संमिश्र द्रव्यांचें कवच, चालकाच्या पाठीमागें एंजिन. एंजिन पुन्हां रेनोचेंच! दोन लिटरांचें, टर्बोचें, अडीचशें अश्वशक्तीचें. फ्रान्समधील वेगवान मेगान मोटारींत वापरल्या जाणाऱ्या जातीचें. किंमत सुमारें छत्तीस लाख. या वेळीं रेनो कंपनी भारतांत होती, तिचीं दुकानें पुण्यांत होतीं. पण तेथें विकल्या जाणाऱ्या एकाहि मोटारींत हें एंजिन नव्हतें. डस्टर उघडून पाहणाऱ्या कारागिरास अवंतीचें एंजिन परकेंच वाटावें, यांत त्याचा काय दोष? पुढें, २०२० च्या डिसेंबरांत, या मोटारींची नोंदणी आणि त्यांवरील कर्जें यांविषयीं आरोप ठेवून मुंबई पोलिसांनीं छाब्रिया यांस अटक केली. आरोपांचा निवाडा करणें न्यायालयाचें काम आहे. मी त्यांत शिरत नाहीं. मला मोटारीपुरतेंच बोलावयाचें आहे, आणि मोटारीपुरतें बोलावयाचें तर तिची खरी अडचण त्या प्रकरणाच्या आधींपासून होती.

तिन्ही मोटारींस आणखी एक गोष्ट लाभली नाहीं: आखाडा. रेदेलेच्या मोटारीची परीक्षा घाटांत झाली. आपल्याकडे घाट आहेत, किंबहुना मावळांत घाटांवांचून दुसरें आहे काय? पण लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर शर्यती भरल्या त्या सरळ रेषेंतल्या. सरळ रेषेंत पैसा जिंकतो, कारण तेथें शक्ति विकत घेतां येते. वळणावर हलकेपणा जिंकतो, आणि हलकेपणा हेंच छोट्या कारखान्याचें एकमेव धन. मद्रास, कोइंबतूर येथें शर्यतींच्या वळणदार वाटा आहेत. महाराष्ट्रांत मोटारींचे एवढे कारखाने असतां तशा वाटांची वाण असावी, हें मला तरी शोभादायक वाटत नाहीं. गिऱ्हाइकास मोटारीचा पुरावा पाहावयास मिळाला तो प्रदर्शनाच्या झगमगाटांत आणि चित्रपटतारकांच्या छायाचित्रांत. दिव्यांखालीं तर कोणतीहि मोटार सुंदरच दिसते.

दुसरी अडचण परीक्षेच्या खर्चाची. आपल्या मोटारवाहन नियमांप्रमाणें, विशेषतः १९८९ च्या केंद्रीय नियमांतील १२६ व्या नियमान्वयें, नव्या मोटारीचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. अशी एक नामांकित संस्था पुण्यांतच, वेताळ टेंकडीवर आहे: १९६६ सालीं स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन. ही तपासणी हवीच. काचतंतूंच्या पोकळ अंगांत आपलीं मुलें बसणार असतील तर तिचा ब्रेक आणि तिचा धूर कोणीतरी पाहिलाच पाहिजे. प्रश्न वेगळा आहे. वर्षाला लाख मोटारी काढणारा आणि पन्नास काढणारा या दोघांसहि जवळजवळ तेंच दिव्य करावें लागतें; पहिल्यास तो खर्च गाडीमागें रुपयांत पडतो, दुसऱ्यास लाखांत. त्यांतच धुराचे नियम बदलत गेले. १ एप्रिल २०१७ पासून देशभर 'भारत ४', आणि तीनच वर्षांनीं, १ एप्रिल २०२० पासून 'भारत ६'. मोठ्या कंपन्यांनीं एंजिनें बदललीं. उसन्या एंजिनाच्या मालकानें काय बदलावें? युरोपांत थोड्या संख्येनें निघणाऱ्या मोटारींसाठीं मान्यतेची निराळी, सवलतीची पद्धति आहे. सुरक्षिततेस बाध न आणतां तसें कांहीं आपल्याकडे करतां येईल असें माझें मत आहे, आणि तें करणें पुण्याच्या टेंकडीवरील तज्ज्ञांस कठीण नाहीं.

आतां एंजिनाचा काळच पालटूं लागला आहे. मुंबईच्या वझिरानी कंपनीनें २०१८ सालीं इंग्लंडांत 'शूल' आणि २०२१ सालीं 'एकॉंक' या विजेच्या मोटारींचे नमुने दाखविले. विजेच्या मोटारींत धूर नाहीं, गिअरांची पेटी बहुधा नाहीं, आणि एंजिनहि नाहीं. पण उसनवारी आहेच, ती फक्त बॅटरी आणि विद्युत्-मोटर यांची झाली. दिएपच्या मंडळींनीं हें ओळखलें. २०२५ सालीं त्यांनीं पुढें आणलेली 'ए-३९०' ही विजेची मोटार त्याच जुन्या कारखान्यांतली, आणि तिच्या मोटरी रेनोच्या क्लेओं येथील कारखान्यांतल्या, म्हणजे नॉर्मंडीच्याच.

आमच्या घोरावाडीपासून चाकण वीस-पंचवीस किलोमीटरांवर आहे. तेथें महिंद्रांच्या विजेच्या मोटारी बनूं लागल्या आहेत, आणि त्यांचे विक्रेते व कारागीर गांवोगांव तयार होत आहेत. तेव्हां रेदेलेस १९५५ सालीं लाभलेलें शेजार मावळांतील एखाद्या धडपड्या तरुणास आज दिसूं लागलें आहे असें म्हणावयास हरकत नाहीं. काचतंतूंचें काम शिकविणारे पुण्यांत आहेत, नळ्या जोडणारे भोसरींत आहेत, तपासणारे वेताळ टेंकडीवर आहेत. मोठ्या घराच्या दारीं तीन रंगांच्या तीन मोटारी उभ्या करून 'आम्हांस बॅटरी आणि मोटर विकाल काय, आणि बिघडली तर तुमच्या दुकानांत घ्याल काय' हें विचारणारा मात्र अजून कोणी गेलेला माझ्या ऐकिवांत नाहीं.